सावरीच्या पात्यांचं विमान

जनकाबाईच्या मधल्या खोलीत आढ्याला एक विमान टांगलेलं होतं आणि त्याला लसणाच्या जुड्या लटकत होत्या.

लसूण तिनंच बांधला होता. वस्तू टांगलेलीच आहे तर रिकामी कशाला टांगायची, एवढा साधा विचार. वरच्या मोठ्या पंख्याच्या दोन पात्यांना दोन-दोन जुड्या, शेपटीला दोडक्याच्या बियांची पुरचुंडी, आणि पुढच्या पारदर्शक फुग्यात, जिथं खऱ्या विमानात साहेब बसतो तिथं, बियाण्यासाठी ठेवलेल्या लाल मिरच्या. दारातून वारं आलं की हा सगळा संसार सावकाश फिरायचा. शिवता शिवता जनकाबाई मान वर करी तेव्हा एखादी जुडी खिडकीकडे असे, आणि बाही जोडून होईपर्यंत ती चुलीच्या दाराकडे गेलेली असे.

उकंडराव त्यावर अवाक्षर बोलले नव्हते. तिला खुपायचं ते हेच. नवरा चिडला असता तर तिनं चार शब्द ऐकवले असते, चार ऐकून घेतले असते आणि लसूण काढून दुसरीकडे टांगला असता. पण ते जेवायला बसले की एकदा वर पाहत, मग ताटाकडे पाहत, आणि भाकरी कुस्करायला लागत.

ते खरं म्हणजे हेलिकॉप्टर होतं. पण अमडापुरात तो शब्द कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे विमानच म्हणत.

उकंडरावांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं आणि मूठभर जवारी घेऊन आईलाच परत दिलं. देवाला वाटावं, हे टाकाऊ पोर आहे, न्यायच्या लायकीचं नाही. देव फसला, नाव मात्र चिकटलं. उकिरड्यावर पडलेलं काहीही उचलून घरी आणायची सवय त्यांना त्याच दिवशी लागली, असं जनकाबाई म्हणायची. मोडक्या छत्र्या, सायकलीची चाकं, फुटक्या बॅटऱ्या. परसात पाय ठेवायला जागा नव्हती.

धंदा ऑइल इंजिनं दुरुस्त करण्याचा. मोताळ्यापासून जानेफळापर्यंत कुठल्या विहिरीवर इंजिन बसलं की बोलावणं यायचं. हत्यारांची पिशवी सायकलीला अडकवून ते निघत. इंजिनावर कान टेकवून आधी बराच वेळ नुसते ऐकत आणि मग एकच जागा खोलत. पण गावोगाव विजेचे खांब आले, विहिरींवर मोटारी बसल्या. मोटर बिघडली की लोक ती उचलून चिखलीला तारा भरायला नेऊ लागले. उकंडरावांचं ऐकायचं काम कमी होत गेलं. पन्नाशीच्या माणसाच्या हाताला असा रिकामा वेळ मिळाला की तो एकतर पारावर बसतो, नाहीतर काहीतरी करत बसतो. ते पारावर बसणाऱ्यातले नव्हते.

आणि विमान त्यांनी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, त्याच्याखाली उभे राहिले होते.

लसूण टांगल्याची ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्याच्या पाच वर्षं आधी कपाशीवर अळी पडली होती आणि वरून औषध मारायला ते विमान चार दिवस गावाबाहेरच्या पडीक रानात येऊन उतरलं होतं. कुठल्या पट्ट्यावर औषध पडलं, कुठल्या राहिलं, हे वरच्या साहेबाला कळावं म्हणून शेताच्या टोकाला झेंडा धरून माणूस उभा करावा लागे. दर फेरीला त्या माणसानं वीस पावलं सरकायचं. हे काम कोणी घेईना. विमान सरळ अंगावर येतं आणि डोक्यावरून जातं, अशी बोलवा होती. उकंडरावांनी घेतलं.

चारही दिवस ते अंगभर पांढरे ठिपके घेऊन घरी आले. जनकाबाईनं त्यांचे कपडे वेगळे धुतले. त्या पाण्यानं मोरीतल्या सगळ्या मुंग्या मेल्या. तिनं डोक्याला हात लावला. "मुंग्या मेल्या अन् तुमी जित्ते कसे?" ती म्हणाली.

त्यांचं लक्ष नव्हतं. "ते वरून येते न," ते म्हणाले, "तवा कपाशी आडवी होते. मंग पुन्हा उभी होते. समद्या शिवारावर जसा कोनं हात फिरवला."

जनकाबाईला तो हात त्या दिवशी दिसला नाही. तिला मुंग्या दिसत होत्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी उपरण्याला गाठी मारून अख्खं विमान मोजून घेतलं. पंखा किती, शेपूट किती, खालच्या घसरपट्ट्या किती. साहेब हसला आणि म्हणाला, "अगले साल आऊंगा तो बिठाऊंगा." पुढच्या साली विमान आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. उकंडरावांनी साहेबाला कधी बोल लावला नाही. पण तिसऱ्या साली त्यांनी गाठी मारलेलं उपरणं पेटीतून काढलं आणि खऱ्याच्या आठ हातांना इथला एक हात, असं प्रमाण धरून विमान बांधायला घेतलं.

छत्रीच्या काड्यांचा सांगाडा झाला. काटेसावरीच्या हलक्या लाकडाची पाती झाली. ती तासता तासता घरभर भुसा उडाला. पुढच्या काचेच्या फुग्यासाठी चिखलीच्या डॉक्टरकडून जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या आणून सोड्याच्या पाण्यात धुतल्या. कुणाच्या तरी फासळ्या धुऊन निघाल्या आणि खाली स्वच्छ काचेसारखा पडदा राहिला.

इंजिन होतं महादेवरावांचं. महादेवराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या पाठीवर बांधायच्या पेट्रोलच्या फवारणी पंपाचं इंजिन बंद पडलं होतं, ते उकंडरावांकडे दुरुस्तीला आलेलं. दुरुस्त झालं आणि तिथून विमानात बसलं. पण पेट्रोलची टाकी आणि इंजिन मिळून वजन भारी. विमान थरथरायचं, धूर ओकायचं, अंगणभर फुर्र फुर्र करत सरकायचं, आणि जमीन सोडायचं नाव नाही. होळीच्या आसपास एका सकाळी त्यांनी इंजिन जास्त पळवलं. एक पातं सुटलं, कुंपणावरून गेलं आणि शेजारच्या शालूबाईच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्यांतून आरपार निघालं.

शालूबाई कमरेला पदर खोचून आली. "उकंडभाऊ, तुमचं विमान नाई उडालं, पन माह्या कुरड्या उडाल्या बाप्पा! आता पावनं आलं तं काय तळू? तुमचा पंखा तळू?"

संध्याकाळी महादेवराव स्वतः आले. रागावले नाहीत, नुसतं इंजिनाकडे बोट दाखवलं. "उकंडा, ते माहं हाय न? आन इकडं. मले फवारनी कराची हाय, तुले मानसं माराची हायेत."

इंजिन गेलं. उकंडरावांनी पातं पुन्हा जोडलं, घासलं, आणि विचार करत बसले. त्याच सुमारास शेतकी ऑफिसातल्या कारकुनानं त्यांना एका मासिकातलं चित्र दाखवलं होतं. परदेशात असली छोटी विमानं लोक उडवतात, आणि तीही बिनतारी. हातात रेडिओसारखी एक डबी, विमान आभाळात.

"आपल्या रेडिओवर नागपूर धड लागत नाई," जनकाबाई म्हणाली, "अन् तुमी त्याच्यावर विमान लावता?"

"बिनतारी नाई जमनार," ते म्हणाले. "पन तारेवर जमन. ईज हलकी असते, जनका. पेट्रोल वर न्या लागते, टाकी वर न्या लागते. ईज खालीच राह्यते खांबावर, अन् नुसती ताकद वर जाते. फक्त एक बारकी मोटर पाह्यजे."

असं म्हणून ते मशीनकडे पाहू लागले. जनकाबाईनं चटकन हातातला ब्लाऊज मशीनवर पसरला, जसं काही उघड्यावरचं झाकावं.

कारण अमडापुरात अशी बारकी मोटर एकच होती आणि ती तिच्या शिलाई मशीनला लावलेली होती.

भरताच्या वांग्याएवढी काळी मोटर. चार वर्षांपूर्वी कापसाच्या गाडीवरून उतरताना तिचा उजवा पाय घोट्यात मोडला आणि वाकडा जुळला. तेव्हापासून तो बसल्या जागीही दुखायचा, आणि मशीनचा पायटा मारला की कळ थेट मांडीत जायची. तरी दोन वर्षं तिनं तसंच शिवलं आणि त्या शिवण्याच्या पैशांतूनच ही मोटर आली. मोटरीची वायर भुईवरच्या एका चपट्या डबीतून जायची. डबीवर डावा पाय जेवढा दाबावा तेवढी मोटर पळे. उचलला की थांबे. पहिल्या दिवशी तिनं एक अख्खा परकर कळ न येता शिवला आणि मग पदर तोंडाला लावून थोडी रडली होती. उकंडराव तेव्हा दारातच उभे होते. म्हणून तर त्यांनी मोटर सरळ मागितली नाही. ते नुसते पाहत राहिले, आणि ते तिला मागण्यापेक्षा जड गेलं.

"नाई," ती आपणच म्हणाली.

"मी कोठी काय म्हनलं?"

"म्हनू बी नका. हा माहा पाय हाय. मानसाचा पाय कोनी विमानाले लावते काय?"

आषाढात एकदा मात्र तिनं दिली. का दिली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. दुपार होती, शिवण संपलं होतं, आणि ते परसात बसून सावरीचं पातं डोळ्याच्या रेषेत धरून पाहत होते, एखाद्यानं लेकराच्या पाठीचा कणा पाहावा तसं. "एक घंटा," ती म्हणाली. "एकच."

मोटर विमानात बसली, शिलाईचाच पट्टा लाकडी चाकावर चढला. पंखा फिरला. पण कचेरीतल्या छताच्या पंख्यासारखा, पेंगत. त्या साली पावसानं ओढ दिली होती. शिवारातल्या झाडून सगळ्या विहिरींवर मोटारी दिवसभर चालू, गावात वीज म्हणून जी यायची तिच्यात जीव नसायचा. दिवा लावला तर आतली तार नुसती लाल दिसे, विडीच्या टोकासारखी. मशीन तेवढ्यावर रडतखडत चाले, विमान कसं उचलणार? घंटा भरायच्या आतच उकंडरावांनी मोटर काढली, पुसली आणि तिच्या मशीनला परत बसवून दिली. विमान आढ्याला टांगलं. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत, आणि पंधरा दिवसांनी तिनं लसूण टांगला.

श्रावण संपत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गावभर खांदेमळणी चालली होती. बायका वाटीत तूप-हळद घेऊन बैलांचे खांदे चोळत होत्या, सालभर जिथं जू घासतं तिथं, आणि उद्याचं आमंत्रण देत होत्या. जनकाबाईच्या दारात बैल नव्हता. कधीच नव्हता. लग्न होऊन आली त्या सालापासून ती मातीच्या बैलांना तूप लावायची. या साली ती वाटी घेऊन देव्हाऱ्यापाशी गेली, थांबली, आणि मशीनकडे वळली. मोटरीच्या काळ्या पाठीवर तिनं बोटानं तूप-हळद लावली.

"आज आवतन घ्या," ती हळूच म्हणाली, "उद्या जेवाले या."

मागं वळून पाहते तो दारात उकंडराव. तिला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. उंबऱ्यावर बसले.

"बरोबर केलं," ते म्हणाले. "आपल्या घरी राबते ते हेच."

बाहेरून घुंगरमाळांचा आवाज येत होता. कोणीतरी बैलाला माळ घालून पाहत असावं.

"उद्या शिवारात एकबी मोटर चालनार नाई," ते म्हणाले. "बैल सुटला की मानूसबी सुटते. पोळ्याले विहिरीवर कोन जाते? उद्या दिवा पाह्यजो तू, कसा लागते तं."

"लागू द्या न."

"मी तुही मोटर मागत नाई."

"मंग काय मागता?"

"मागत नाई म्हनलं न."

जनकाबाईनं वाटी खाली ठेवली. "हे पाहा, आताच आवतन दिलं तिले. सनाच्या दिवशी राबनाऱ्याच्या मानेवर कोनी जू ठेवत नसते. मीच मशीनले हात लावत नाई उद्या, तुमाले कशी देऊ?"

हे त्यांना पटलं. ते खाली मान घालून बसले, नखानं उंबऱ्यावरची माती उकरत. मग म्हणाले, "जुपत नाईत, हे खरं. पन मिरवतेत न? का पोळ्याच्या दिवशी बैल गोठ्यातच बांधून ठेवतेत?"

खरंच होतं ते. झूल घालतात, शिंगं रंगवतात, वाजत गाजत तोरणाखाली नेऊन उभे करतात. राबणाऱ्याला एक दिवस दुनियेनं मान वर करून पाहावं, म्हणून तर पोळा.

तरी तिचा जीव होईना. आठ दिवसांवर महालक्ष्म्या आल्या होत्या. तिचा एक धरून आळीतल्या बायकांचे अकरा ब्लाऊज कापून ठेवले होते, आणि महालक्ष्म्यांसमोर जुना ब्लाऊज घालून कोणी बसत नाही. "जळाली तं?" तिनं विचारलं.

उकंडरावांनी मोटरीकडे पाहिलं. मेकॅनिक माणूस, या बाबतीत खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं.

"जळू शकते," ते म्हणाले. "तिच्या हिशेबानं वजन जास्तच हाय."

'काही होत नाही' असं म्हणाले असते तर तिनं खचित दिली नसती. ती रात्रभर कूस बदलत राहिली, आणि पोळ्याच्या सकाळी पुरण शिजत घालून ती स्टुलावर चढली, विमानावरचा लसूण सोडला, फुग्यातल्या मिरच्या काढल्या, आणि पदरानं पाती पुसली.

दुपारी नैवेद्य झाला. ढोल वाजत वेशीकडे गेले आणि त्यांच्यामागं अख्खं गाव गेलं. आळीत एक कोंबडी आणि एक म्हातारं कुत्रं एवढंच उरलं. मधल्या अंधाऱ्या खोलीत जनकाबाईनं बटण दाबून पाहिलं. दिवा पांढराशुभ्र लागला. भिंतीवरच्या मशीनची सावली एवढी काळी आणि ठसठशीत पडली की तिनं क्षणभर ती पाहूनच घेतली. मग दिवा मालवला.

अंगणात पाट मांडून त्यावर मोटर बसवलेलं विमान ठेवलं होतं. खिडकीतून वायर बाहेर आणली होती. धड गरगर फिरू नये म्हणून शेपटीला एक लांब दोरी बांधून ती खुंटीला अडकवली होती, आणि भरकटू नये म्हणून घसरपट्ट्यांनाही कमरेएवढ्या सैल दोऱ्या. उकंडराव उंबऱ्यावर बसले आणि पायाची डबी पुढं ओढली.

त्यांनी पाय ठेवला तसं विमान डिवचलेल्या कोंबडीसारखं टुणकन उडालं आणि कुशीवर आपटलं. छत्रीची एक काडी वाकली. काडी सरळ करून त्यांनी पुन्हा पाय ठेवला, या खेपेला इतका भीत भीत की पंखा नुसताच घोंघावत राहिला. तिसऱ्यांदा पुन्हा टुणकन. सायकल मारलेला, इंजिनाला लाथ घातलेला पाय. त्याला मधलं काही ठाऊकच नव्हतं.

जनकाबाई भिंतीला टेकून पाहत होती. चौथ्या खेपेला तिला राहवलं नाही.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "तुमचा पाय मोटर हाकलाच्या कामाचा नाई. ब्लाऊजचा गळा शिवला काय कधी?"

ती उंबऱ्यावर बसली. डाव्या पायाची टाच भुईवर, चवडा डबीवर, रोजच्यासारखा. गळ्याच्या गोलाईवर मशीन कसं चालवतात? टाका टाका मोजून, कापड वळेल तसं. तिनं तसाच पाय दाबला, आणखी जरा दाबला. पंख्याची पाती दिसेनाशी झाली, त्यांच्या जागी एक फिकट ताटली राहिली. दारापुढची रांगोळी उडाली. झेंडूच्या पाकळ्या पाटाभोवतून पळत सुटल्या. तिनं पायात केसाएवढा जोर वाढवला.

विमानानं पाट सोडला.

बोटभर. मग वीतभर. दोऱ्या भुईवरून उठल्या. मग हातभर, आणि तिथं ते उभं राहिलं. तिच्या रोजच्या मोटरीचा रोजचाच आवाज, ज्याच्यासोबत तिनं दोन वर्षं चोळ्या-परकर शिवले, तोच, पण आता तो हवेतून येत होता. तिनं पाय किंचित सैल केला तर ते किंचित खाली आलं. दाबला, वर गेलं. शेपूट जरा डावीकडे वळे, दोरी ताणली की परत येई. सगळं अंगण हळूच हलत असल्यासारखं वाटत होतं, आणि विमान तेवढं एका जागी थांबलेलं.

"पाह्य वं माय," ती कोणाला तरी म्हणाली.

उकंडराव आधी उभे होते, मग वाकले, मग गुडघ्यावर आले, आणि शेवटी त्या भरल्या वयाच्या माणसानं धुवट धोतरासकट अंगणात उताणं अंग टाकलं. ते सरकत सरकत विमानाच्या पार जवळ गेले आणि खालून वर पाहत राहिले. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस मागं गेले, कपाळ उघडं पडलं. वेशीकडून पोळ्याच्या झडत्यांचा आवाज येत होता, एकानं म्हणायचं आणि शेदोनशे गळ्यांनी हुंकारायचं. त्या आवाजाचा इथल्या दुपारशी काही संबंध नव्हता.

वास पहिल्यांदा तिला आला. तापलेल्या लाखेसारखा, गोडसर. मशीनवर जाड गोधडी घातली की असाच यायचा आणि ती चटकन पाय उचलायची. आता पाय उचलला तर विमान त्यांच्या अंगावर पडेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग ते सरकून बाजूला झाले, तरी तिनं पाय उचलला नाही.

"जनका," उकंडराव उठून बसले. त्यांनाही वास लागला होता. "जनका, उतरव. मोटर जळन!"

तिचा चवडा डबीवरच. विमान तसंच.

"अवं, तुह्या महालक्ष्म्या! अकरा ब्लाऊज हायेत! उतरव म्हनतो न मी!"

एक बाही जोडून व्हावी एवढा वेळ आणखी गेला. मग गळ्याचा शेवटचा टाका घ्यावा तसा तिनं पाय सैल करत करत आणला. विमान वीतभर आलं, बोटभर आलं, आणि पाटाच्या बरोबर मधोमध टेकलं. मोटर एकदा गुरगुरली आणि थांबली. तिच्या फटीतून निळ्या धुराची एक बारीक रेघ निघाली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर होती, कामाला हात न लावायचा दिवस, तरी उकंडराव सायकल काढून चिखलीला गेले. तारा नव्यानं भराव्या लागतील आणि दहा दिवस लागतील, असं दुकानदारानं सांगितलं. ते परत आले, मशीनचा जुना पायटा खोलून तेल-पाणी केलं आणि मशीनच्या पुढ्यात भुईवर मांडी घालून बसले.

"पाय माहा कामाचा नाई म्हनतं न?" ते म्हणाले. "हातानं हालवतो. तू वरून शिव."

म्हणून मग पायटा त्यांनी दोन्ही हातांनी हलवायचा आणि कापड तिनं सरकवायचं, असं सुरू झालं. पहिला ब्लाऊज उसवावा लागला. ती 'हळू' म्हणे तेव्हा ते थांबत, 'थांबा' म्हणे तेव्हा दोन टाके पुढं जाऊन थांबत. शालूबाई आपला ब्लाऊज न्यायला आली आणि मशीनखाली बसलेल्या उकंडरावांना पाहून दारातच थबकली.

"काहो उकंडभाऊ, विमानाचे साहेब आता खाली उतरले वाटते?"

"हाव," मशीनखालून आवाज आला. "बाही मोजून घे. हवेत गेली तं माह्या नावानं बोंबलू नको."

"शिव तू बाप्पा नीट," शालूबाई जनकाबाईला म्हणाली आणि हसत गेली.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत दहा ब्लाऊज झाले. अकरावा जनकाबाईचा स्वतःचा होता, म्हणून तो शेवटी. उकंडरावांच्या तळहाताला फोड आले होते. तिनं त्यांना फडकं बांधून दिलं होतं. पायटा एका लयीत वर-खाली होत होता. आता 'थांबा' म्हणावं लागत नव्हतं. कापड वळायच्या जागी त्यांचे हात आपोआप हलके व्हायचे.

"जनका."

"हं."

"पोळ्याले वास आल्ता न तुले?"

"आल्ता."

"माह्या आंधी?"

"तुमच्या लय आंधी."

पायटा चालूच होता. "मंग पाय काऊन नाई काढला? मी एवढा बोंबलून राह्यलो होतो."

जनकाबाईनं सुई खाली केली, कापड वळवलं. सांगावं की नाही, असं तिला झालं. मग वाटलं, खाली बसलेल्या माणसाला आपला चेहरा दिसत नाही, तर सांगायला काय हरकत आहे.

"तेवढा वेळ मोडका पाय दुखत नोता," ती म्हणाली.

पायटा थांबला.

"थांबू नका," ती म्हणाली. "गळा आला. हळू हालवा."